झाकलेलं ताट

१

दुपारी एकला शांता ताट वाढून झाकून ठेवायची. भात, आमटी, एखादी भाजी, शुक्रवारी सुका बांगडा. वर उलटी ताटली. संध्याकाळी तेच ताट गार झालेलं ती स्वतः जेवायची. लालबागच्या त्या चाळीत हे बेचाळीस वर्षं चाललं होतं आणि त्यावर कोणी एक शब्द काढलेला तिला खपायचा नाही.

मूळची ती खाणावळीची रीत. एके काळी या दोन खोल्यांत गिरणीतली तीस माणसं जेवायची. गिरणीच्या पाळ्या तीन, त्यामुळे कोणाचं पोट कधी येईल याचा नेम नसे. मागे राहिलेल्याचं ताट झाकायचं आणि चूल विझवण्याआधी दारात उभं राहून हाक द्यायची, "कोण राहिलंय का रे? या, ताट झाकलंय!" नाव घ्यायचं नाही, कारण राहिलेला कोण ते कोणाला ठाऊक? उशिरा येणाऱ्यांसाठी तिनं गॅलरीच्या भिंतीला एक बुटकी खिडकी पाडून घेतली होती, सरकत्या फळीची. बाहेरून हात यायचा, आतून ताट जायचं. शांता तोंड बघायची नाही, नुसत्या हातावरून माणूस ओळखायची.

नवऱ्याचा हात तर आंधळ्यानंही ओळखला असता. उजव्या हाताची तर्जनी मधल्या पेरापासून गेलेली, मशीनच्या पट्ट्यात.

संपाच्या दुसऱ्या वर्षी तो वरळीहून एका मच्छीमार होडीवर कामाला गेला. होडी परत आली, तो आला नाही. बरोबरची माणसं घरी येऊन मान खाली घालून म्हणाली, "वहिनी, हाकेला ओ देत होता हो. अर्धा तास ओ देत होता. पण दिसला नाही."

हे 'ओ देत होता' शांताच्या कानात बसलं ते बसलंच. ओ देणारा माणूस मेलेला कसा म्हणायचा? दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकून टाका, असं सांगायला आलेल्या भटजींना तिनं जिना दाखवला होता. कपाळावरचं कुंकू तिनं एक दिवसही पुसलं नाही.

२

आता चाळ पडणार होती. तिथे टॉवर उभा राहायचा होता. मुलगा हितेंद्र, पन्नाशीचा, शांत माणूस, रोज कामावरून आला की कागद घेऊन तिच्यासमोर बसायचा.

"आई, एकशे आठ खोल्या आहेत. एकशे सात सह्या झाल्या."

"मग एकशे सातांत भागवा. माझ्यावाचून काय अडलंय?"

"अडलंय म्हणूनच सांगतोय ना! तुझ्या सुनेनं, मानसीनं सामानसुद्धा बांधायला घेतलंय. भाड्याची जागा मिळतेय चांगली, आठव्या मजल्यावर."

"आणि ते आले तर? खालच्या पानवाल्याला विचारायचं त्यांनी, आमची माणसं कोणत्या मजल्यावर टांगलीत म्हणून?"

हितेंद्रनं कागदांची घडी घातली. बापाच्या बाबतीत तो आठ वर्षांचा असल्यापासून गप्पच होता.

तोडगा काढला नातीनं. श्रेया बावीस वर्षांची होती आणि घरात आजीला उलटून बोलायची परवानगी तिला एकटीलाच होती. "आजी, डील करूया. आपण एक दिवस मस्त बोटीनं फिरायचं. प्रायव्हेट. वरळीहून निघायचं, माहीम, दादर, गिरगाव, जिथे वाटेल तिथे उतरायचं, खायचं-प्यायचं. येताना तू आजोबांसाठी नारळ सोड. त्यांना बाय कर. मग सही."

शांतानं चष्मा काढून पदरानं पुसला.

"येते," ती म्हणाली. "पण निरोप द्यायला नाही गो. विचारायला. एकदाच विचारीन, येताय का. नाही आले तर करते सही."

३

होडी वरळी कोळीवाड्यातल्या दौलतची होती. दौलत साठीचा, उन्हानं रापलेला. आठवडाभर मासेमारी करायचा आणि रविवारी लोकांना फिरवायचा. होडीला वर ताडपत्रीचं छप्पर, बसायला फळ्या, मागे इंजिनाची पेटी आणि पेटीच्या पलीकडे एक आडवी फळी, जिच्यावर ताडपत्रीचा शेव, म्हणजे कडेचा पदर, लोंबत होता. होडीच्या अंगावर बाहेरून लाल पट्टा रंगवलेला.

शांता, हितेंद्र आणि श्रेया बसल्यावर दौलतनं वाकून पट्ट्याखाली हात धरला. "चार माणसं, पट्टा पाण्यावर चार बोटं. बरोबर."

"हे काय?" श्रेयानं विचारलं.

"वजन. माणूस खोटा बोलंल, पट्टा नाय बोलत. एका माणसाला एक बोट होडी खाली जाते."

नोव्हेंबरातली सकाळ होती. समुद्र घासलेल्या परातीसारखा. समुद्रावरच्या मोठ्या पुलाखालून होडी संथ गेली आणि शांता पाय पसरून बसली. बेचाळीस वर्षांत ती या पाण्यावर आली नव्हती. रागानं आली नव्हती. आज वाटलं, उगाच रागावले, पाणी तर साधंच आहे.

माहीमला मिठी नदीच्या तोंडाशी ते उतरले. किल्ल्याची भिंत बघितली. श्रेया मोबाईलमधून वाचून माहिती सांगत होती, "आजी, इथे नदी समुद्राला मिळते."

"ही नदी? आमच्या गावाला म्हशी धुतलेलं पाणी याच्यापेक्षा बरं असतं."

हितेंद्र हसला. फार दिवसांनी हसला.

परत होडीत बसले. दौलतनं दोर सोडला, होडी किनाऱ्यापासून चार हात लांब गेली. आणि शांता, तिला स्वतःलाही कळायच्या आत, उभी राहिली. तोंडाला हात लावून किनाऱ्याकडे बघत तिनं हाक दिली, चूल विझवण्याआधी द्यायची तशीच.

"कोण राहिलंय का? या, ताट झाकलंय!"

दौलतचा इंजिनावरचा हात थांबला. "आजी, दोर सुटला का मागं हाक नाय मारायची."

"का रे बाबा?"

"नाय मारायची. बस."

तेवढ्यात मागची फळी वाजली. कोणी जड माणूस ओल्या धोतरानं टेकला की वाजते, तेवढीच.

४

दादरच्या चौपाटीवर भरती होती म्हणून होडी थेट वाळूपर्यंत गेली. हितेंद्रनं आईला गुडघाभर पाण्यातून हाताला धरून उतरवलं. श्रेयानं शहाळी आणली. किनाऱ्यावर मुलं क्रिकेट खेळत होती, म्हाताऱ्यांचा हास्यक्लब हात वर करून हसत होता.

शांतानं शहाळ्याला तोंड लावलं आणि सहज मागे पाहिलं.

दौलत पुढच्या बाजूला पाण्यात उभा राहून दोर धरून होता. होडी रिकामी होती. पण तिचं नाक वर आलं होतं आणि शेपूट खाली बसलं होतं, मागच्या फळीवर कोणीतरी बसून असावं तसं.

लाट आली, होडी हलली, पण शेपूट वर आलं नाही.

शांता स्वतःला म्हणाली, इंजिन मागे असतं, मागे जडच असणार. मग म्हणाली, सकाळी मागे इंजिन नव्हतं होय गो? तिचं काळीज असं धडधडायला लागलं, की तिनं शहाळं खाली ठेवलं. ती भीती नव्हती. भीती असती तर तिनं ओळखली असती, जन्मभर अंगावर घेतलेली चीज. हे दुसरंच काही होतं. तेहतिसाव्या वर्षी नवऱ्याची चाहूल लागली की बाईला होतं तसलं.

"श्रेया, तो मोबाईल धर बघू समोर. त्यात तोंड दिसतं ना? कुंकू नीट करते."

"ओहो! सेल्फी काढायचाय?"

"गप. धर सरळ."

सगळे होडीत परत बसल्यावर दौलतनं वाकून पट्ट्याखाली हात धरला, पुसून पुन्हा धरला. तीन बोटं, सकाळपेक्षा एक कमी. शांतानंही पाहिलं. त्यानं हितेंद्रला उतरून होडी ढकलायला लावली आणि पुटपुटला, "वाळू शिरली असंल."

शांता मागच्या फळीवर जाऊन बसली. लोंबत्या ताडपत्रीच्या अलीकडे, तोंड पाण्याकडे करून. शेजारी बघितलं नाही. नवरा घरी आला की ती कधी लगेच बघायची नाही, आधी भांडी वाजवायची.

५

वरळीच्या टोकाला वळसा घालून, हाजी अली डावीकडे ठेवून होडी दक्षिणेला चालली. किनाऱ्यावरचा नवा रस्ता खांबांवरून सोबत येत होता. श्रेया फोटो काढत होती, हितेंद्र डुलक्या देत होता, आणि इंजिनाच्या आवाजाखाली शांता बोलत होती.

"हितूला नोकरी लागली. तुमच्यासारखाच, बोलत नाही. सून चांगली आहे, मीठ कमी टाकते. गिरणी पाडली. आता तिथे थंड हवेत कपडे विकतात. तुमचा तो निळा शर्ट मी अजून दिलेला नाही कोणाला... एवढा वेळ कुठे होतात हो?"

शेजारची फळी कुरकुरली. ताडपत्रीचा शेव तिच्या कोपराला लागला, ओला होता. वास आला, ओल्या सुताचा. तो घरी यायचा तेव्हा केसांत कापूस घेऊन यायचा. शांतानं डोळे पुसले. तिला वाटलं, संपलं. ही होडी अशीच जाऊ दे. मला कुठे उतरायचंच नाहीये.

गिरगावच्या चौपाटीसमोर दौलतनं नांगर टाकला. जेवण शांतानं घरून आणलं होतं, उभ्या डब्यात. तिनं चार ताटं वाढली. दौलत आपलं घेऊन पुढच्या टोकाला गेला, पाठ करून बसला. मग तिनं पाचवं वाढलं.

"आई," हितेंद्र म्हणाला. "इथेपण?"

"तू जेव."

ताट तिनं मागच्या फळीवर ठेवलं. वर ताटली झाकली. आणि पाठ वळवली, कारण उशिरा आलेल्या माणसाकडे जेवताना बघू नये, त्याला लाज वाटते.

ताटली वाजली. उचलून बाजूला ठेवल्याचा आवाज. मग भात कालवल्याचा. मग चघळल्याचा.

शांताचा घास हातातच राहिला. तिचा नवरा जेवायच्या आधी एक घास ताटाबाहेर काढून ठेवायचा, गावच्या देवाचा. उपाशी असला तरी, कामाची वेळ झाली तरी. इथे आवाज कालवल्यानंतर लगेच चघळल्याचा होता. घाईचा. फार दिवसांच्या भुकेचा.

तिच्या हातात डब्याचं झाकण होतं, लखलखीत घासलेलं. तिनं ते जरासं तिरकं केलं.

झाकणात ताडपत्रीचा शेव दिसला आणि त्याखालून आलेला हात. उजवा. भातात रुतलेला. पांढराफटक, पाण्यात फार राहिलेल्या साबणासारखा. अंगठा, तर्जनी, मधलं, करंगळीपर्यंत सगळी बोटं पुरी.

झाकण तिच्या हातातून पडलं.

"हे ते नव्हेत!" ती उभी राहिली. "त्यांचं बोट अर्धं आहे!"

"काय झालं आजी? कोणाचं बोट?" श्रेया धावत आली.

"तुझ्या आजोबांचं. अर्धं तुटलं होतं गो, मशीनमध्ये. अर्धं होतं..."

बोलता बोलता ती थांबली. मागचा आवाज बंद झाला होता. कोणीतरी लक्ष देऊन ऐकताना बंद होतो तसा.

हितेंद्रनं ताडपत्री बाजूला केली. मागे कोणी नव्हतं. ताट होतं, रिकामं. "कावळ्यांनी नेलं असेल," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजावरून कळत होतं की कावळे त्यालाही दिसलेले नाहीत.

६

परतीला शांता पुढे, दौलतच्या पायाशी बसली. होडीचं शेपूट खालीच होतं.

तिचं डोकं आता खाणावळीच्या मालकिणीसारखं चालत होतं. हाक कोणी दिली? मी. नाव घेतलं का? नाही. मग 'या' म्हटल्यावर भुकेला कोणीही येणार, त्यात त्याची काय चूक? खरी चूक माझी. जन्मभर नाव घेतलं नाही. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं ते शेवटचं. त्या रात्री होडीवरच्यांनी तरी नावानं हाक मारली होती, म्हणून तर ओ आली. मी बेचाळीस वर्षं नुसतं 'कोण राहिलंय' म्हणत बसले.

वरळीचं टोक आलं. उजवीकडे किनारा, डावीकडे नुसतं पाणी, दुपारच्या उन्हात डोळ्यांना टोचणारं. श्रेयानं नारळ पुढे केला. शांतानं तो तिच्या हातात परत दिला, कठडा धरून उभी राहिली आणि छाती फुटेल एवढ्या आवाजात ओरडली,

"धोंडू!"

हितेंद्र दचकला. बापाचं नाव आईच्या तोंडून त्यानं पहिल्यांदा ऐकलं होतं.

क्षणभर नुसतं इंजिन. मग पाण्यावरून, खूप मागून, जिथून होडी केव्हाच निघून आली होती तिथून आवाज आला.

"ओ..."

"पुलावरून घुमला असेल तुझाच आवाज," श्रेया म्हणाली.

"कोळी असेल कोणीतरी," हितेंद्र म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

शांता दौलतचा खांदा हलवत होती. "वळव! अरे मेल्या, होडी वळव! माझा माणूस आहे तो!"

"आजी, पट्टा बघा!" दौलत दातओठ खात म्हणाला. मान त्यानं मागे वळवली नव्हती. "पट्टा पाण्याला लागलाय. वळवली तर आडवी होईल. आता आणिक कोणाला जागा नाय होडीत."

ती पुन्हा समुद्राकडे वळली. "धोंडू!"

या वेळी ओ लगेच आली. लांबून नाही. इंजिनाच्या पेटीपलीकडून, ताडपत्रीच्या आतून, अगदी त्याच सुरात.

"ओ."

शांतानं तोंड मिटलं, ते किनारा येईपर्यंत उघडलं नाही. लांबून दुसरी ओ आली असेल तर ती या जवळच्या ओमध्ये बुडाली.

धक्क्यावर तिघं उतरली. दौलतनं वाकून पट्ट्याखाली बोटं लावली, मोजली आणि पहिल्यांदा मोकळा श्वास सोडला. "सात बोटं. फक्त माझं वजन. मागं कोण नाय राहिला."

शांता त्याच्याकडे बघत राहिली. मागं कोणी राहिलं नाही, म्हणजे तेही त्यांच्याबरोबर उतरलं होतं. आणि तिघं टॅक्सीत बसल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "टायर में हवा कम है क्या?"

७

त्यानंतर दोन दिवस शांतानं ताट झाकलं नाही. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. सरकत्या खिडकीला आतून खुंटी मारली.

तिसऱ्या दिवशी हितेंद्र कागद ठेवून गेला. "दुपारी दोनला येतो. आई, तू कबूल केलं होतंस."

"ठाऊक आहे."

मानसी आणि श्रेया नवी जागा झाडायला गेल्या होत्या. चाळ अर्धी रिकामी झाली होती. शेजारच्या खोल्यांना कुलपं, गॅलरीत कोणाची तरी मोडकी खुर्ची. खालून दुकानातल्या कांडपयंत्राचा आवाज येत होता, मिरचीचा खकाणा येत होता. शांतानं चष्मा लावला, पेन उघडलं. सहीची जागा दाखवायला हितेंद्रनं पेन्सिलनं फुली मारून ठेवली होती. आपल्याला सही करायला कोणी शिकवलं नव्हतं, गिऱ्हाइकांनी टाकलेल्या वर्तमानपत्रांवर आपणच गिरवून शिकलो, याचा तिला अभिमान होता.

घड्याळात एक वाजला.

जिना वाजला. एक एक पायरी, सावकाश, पाळी करून आलेल्या माणसासारखी. पावलं गॅलरीतून आली. कुलपं लावलेल्या खोल्यांपुढे थांबली नाहीत. खिडकीच्या फळीवर दोन टिचक्या वाजल्या. जुन्या दिवसांत वाजायच्या तशा.

शांता हलली नाही. तिनं सगळं मोजून पाहिलं. नाव होडीतल्या त्यानं ऐकलंय. बोट अर्धं आहे हेही ऐकलंय, माझ्याच तोंडून. पण त्या पाण्यातल्यानंही नाव ऐकलं. ओ दिली. पोहत किनारा गाठायला तीन दिवस लागू शकतात. जन्मभर पायी हिंडलेल्याला वरळीहून लालबाग काय लांब?

"कोण?" तिनं विचारलं.

गॅलरीची फळी कुरकुरली. मग अगदी हळू, "मी."

आवाजावरून काय कळणार? बेचाळीस वर्षांत कोणाचाही आवाज बदलतो.

तिनं पेन खाली ठेवलं. उठली. सकाळचा भात होता, आमटी होती. ताट वाढलं. खुंटी काढली. फळी वीतभर सरकवली.

"हात दाखवा," ती म्हणाली.

फटीतून हात आत आला. उजवा. पांढरा, सुरकुतलेला. बोटं ओल्या लाकडावर पसरली. एक बोट अर्धं होतं, हे तिला एका नजरेत दिसलं.

कोणतं, हे तिनं होडीत सांगितलं नव्हतं. आता मोजायचं तेवढंच बाकी होतं, अंगठ्यापासून सुरुवात करून.

शांतानं डोळे गच्च मिटून घेतले आणि ताट पुढे सरकवलं.

"जेवा," ती म्हणाली.